डावखुरा आर्वो

कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या कुणी लिहिल्या, असं कुणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं, आर्वो लेहतोने. प्रत्येक जुन्या पाटीच्या उजव्या कोपऱ्यात ‘लेहतो’ अशी बारीक सही असते. मी इथल्या कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकवते, सत्तावीस वर्षं याच गावात आहे, आणि माझ्या तोंडी लागायला लोक कचरतात. त्यामुळे माझं चुकलं तरी ते मला कुणी सांगत नाही.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी एक काम देते. आपल्याला घडवणारे पाच कलाकार निवडायचे आणि प्रत्येकावर एक फलक करायचा. फलकांचं प्रदर्शन भरतं, बाहेरचे परीक्षक येतात, निम्मे गुण त्यावर असतात. बहुतेक मुलं इंटरनेटवरून तीच ती पाच नावं उचलून आणतात. बस ड्रायव्हरची मुलगी जोडी पेल्टिए हिने मात्र चारच मोठी नावं दिली आणि पाचव्या जागी लिहिलं, ‘बेकरीची पाटी लिहिणारी व्यक्ती. नाव ठाऊक नाही.’

मी लाल पेनाने ते खोडलं. म्हटलं, कोपऱ्यात सही आहे की, डोळे उघडून बघ. ती म्हणाली, सही दुकानाची आहे, हाताची नाही. मला या पोरीचा आगाऊपणा सहन होईना. “दुकान त्याचं तर हातही त्याचाच,” मी म्हणाले. “जा, लेहतो शोध.”

तिने शोधला. जुन्या वर्तमानपत्रात आर्वो लेहतोच्या निधनाची बातमी सापडली, फोटो सापडला. मग ती शिडी घेऊन पाट्यांजवळ गेली आणि एकेका अक्षराचे फोटो काढून आणले. आडव्या रेघा उजवीकडून डावीकडे ओढल्या होत्या, ब्रश उचलताना विस्कटलेला रंग डाव्या टोकाला दिसत होता. माणूस डावखुरा असणार. फलकावर तिने मोठ्या अक्षरांत मथळा दिला, ‘डावखुरा आर्वो’. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने असं काही शोधलं नव्हतं. मी भेटेल त्याला कौतुकाने सांगत सुटले होते.

प्रदर्शन शनिवारी दुपारी होतं. टेबलावर कॉफी आणि गुलाबी आयसिंगची पर्शियनं, म्हणजे इथले गोड पाव, ठेवली होती, त्याच बेकरीतली. आर्वोचा मुलगा रेमंड मुद्दाम आला होता. चौकटीचं जाड जाकीट, वय पासष्टच्या पुढे. त्याने फलक वाचला आणि हसायलाच लागला.

“बाबा डावखुरे? अहो, त्यांच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती. बाकीची लाकडाच्या गिरणीत गेली, मी जन्मायच्या आधी.”

जोडीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग हे कुणी लिहिलं, असं तिने विचारलं, तेव्हा रेमंडने आज कोणता वार आहे हे सांगावं तितक्या सहज सांगितलं.

“व्हर्नाने. दुसरं कोण लिहिणार? बाबा गिऱ्हाइकं आणायचे, ती लिहायची. माझ्यासोबतच आलीय. ती बघा, कॉफी घेतेय.”

मी वळून पाहिलं. कॉफीच्या टेबलाशी एक ठेंगणी म्हातारी डाव्या हाताने साखर ढवळत उभी होती. जोडी तर माझ्याहून जास्त हादरली. “ही? हिने सहा वर्षं मला शाळेसमोरचा रस्ता ओलांडून दिलाय,” ती पुटपुटली.

व्हर्ना हुल्को एकोणिसाव्या वर्षी लेहतोच्या दुकानात ब्रश धुवायला लागली. एकदा आर्वो आजारी पडला, तेव्हा तिने एक अर्धवट पाटी पुरी केली आणि त्यानंतर आर्वोने ब्रश हातात धरला तो फक्त लोकांना दाखवायला. शिडीवर पोरगी चढलेली गिऱ्हाइकांना चालत नव्हती. म्हणून ती पहाटे पाचला जायची, बेकरीचा पहिला घाणा निघायच्या आत अक्षरं संपवायची. आठला आर्वो यायचा आणि शिडीखाली ब्रश घेऊन उभा राहायचा. हे तेवीस वर्षं चाललं. मग प्लॅस्टिकची अक्षरं कापणारं यंत्र आलं, व्हर्नाची गरज संपली, आणि तिने शाळेसमोर ‘थांबा’ची पाटी धरून उभं राहायचं काम घेतलं. त्या पाटीची दोन अक्षरं एकमेकांना खेटली होती. ती तिने पहिल्याच दिवशी घरी नेऊन नव्याने रंगवली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला संताप आला, आणि तो भलत्याच माणसावर निघाला. इतकी वर्षं तोंड का शिवून बसलात, असं मी तिलाच विचारलं.

“कुणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “आणि आर्वो वाईट नव्हता हं. तुमच्या बुटाच्या तळाला शिवणाऱ्याचं नाव असतं का?”

परीक्षक चारला येणार होते, साडेतीन झाले होते. जोडी रडेल असं मला वाटलं. तिने फलक काढला, उलटा करून कोरी बाजू वर केली, वर्गातून काळा रंग आणि ब्रश आणला आणि व्हर्नासमोर धरला.

“तुम्हीच लिहा. तुमचं नाव.”

“पोरी, तुझे गुण जातील.”

“जाऊ देत.”

व्हर्नाने पर्शियन खाली ठेवलं, बोटं पुसली, खडूने दोन रेघा आखल्या. डब्याच्या कडेला ब्रश निथळवला आणि तशीच थांबली.

“मांडायचं कसं तेच कळत नाही,” ती म्हणाली. “गावात सगळ्यांची नावं मी लिहिली. हे कधी लिहिलंच नाही.”

मग तिने लिहिलं. आडव्या रेघा उजवीकडून डावीकडे ओढत, एकदाही न खोडता. ‘व्हर्ना हुल्को’. लिहून झाल्यावर पाट्या लिहिणारे करतात तसा तिने फलक वरची बाजू खाली करून फिरवला. नाव वाचता आलं नाही की अक्षरांमधल्या फटी नीट दिसतात. ती बराच वेळ बघत राहिली. आपलंच नाव ते, पण अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती. जोडी माझ्या शेजारी डोळे पुसत होती.

व्हर्नाने फलक सुलटा केला. ब्रशमध्ये थोडा रंग उरला होता. तिने सवयीने तो उजव्या कोपऱ्यात टेकवला आणि बारीक अक्षरांत सही केली, ‘लेहतो’.

तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. ती ब्रश धुवायला निघून गेली. लाल पेन माझ्या खिशातच होतं, पण ते खोडायला माझा हात उठला नाही. चारला परीक्षक आले तेव्हा दोन्ही नावं ओलीच होती.