टाकीच्या पट्ट्यामागे

हातात पाना असला की मिस्त्री कमी बोलतात आणि नसला की त्याहून कमी. माझ्या घरासमोरच त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथे रेडिओ नाही की आरडाओरडा नाही. चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, ही त्यांची तऱ्हा. एखादा ड्रायव्हर चेष्टेनं विचारतो, "काय म्हणतोय पेशंट?" मिस्त्री डोळे न उघडता सांगतात, "म्हणतोय, ड्रायव्हर बदला." मग सगळे हसतात. मिस्त्री म्हणाले गिअरबॉक्स ठीक आहे, की ती ठीकच असते. दुसऱ्या कुणाला विचारायला कुणी जात नाही.

या विश्वासापायीच त्यांच्या मेहुण्याची नोकरी गेली.

मेहुणा म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा पाठचा भाऊ. तो एका वाहतूकवाल्या मालकाचा ट्रक चालवायचा. सरळ गडी, थोडा बडबड्या. त्याच्या ट्रकमधलं डिझेल कमी होऊ लागलं. लांबची फेरी झाली की हिशेबाला तूट यायचीच. मालकांना वाटलं, हा वाटेत विकतो. मेहुणा म्हणाला, कुठंतरी गळती आहे. शेवटी ट्रक मिस्त्रींच्या गॅरेजात आला आणि त्यामागोमाग मालक, मेहुणा आणि चहा प्यायला जमलेले चार ड्रायव्हरही आले.

मिस्त्रींनी मन लावून तपासलं. नळ्या, फिल्टर, पंप, टाकीची खालची बाजू, सगळं पुसून कोरडं केलं आणि इंजिन चालू ठेवलं. थेंब आला नाही. टाकीच्या मागच्या अंगाला धूळ बसून काळपट झालेला एक ओघळ होता. भरताना सांडलं असेल, म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

"दाजी, आत्ता टाकी अर्धी आहे," मेहुणा म्हणाला. "एकदा काठोकाठ भरून बघा ना."

"वा रे वा!" मालक म्हणाले. "आधीचं कुठं गेलं ते सांग, मग आणखी भरू."

मेहुण्याची मागणी रास्त होती. मिस्त्रींना ती पटलीही होती. पण भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला दोघांचं नातं माहीत होतं. घरचा माणूस म्हणून पाठीशी घालतोय, असं कुणी म्हणू नये, एवढंच त्या क्षणी मिस्त्रींच्या डोक्यात होतं. त्यांनी चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "गळती नाही. डिझेल काय हवेत उडून जातं?"

एरवी इतक्या मोठ्यानं ते बोलत नसत.

मेहुण्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि तो निघून गेला.

त्यानंतर मालकांनी त्या ट्रकला जवळच्या फेऱ्या लावल्या आणि टाकी कधी अर्ध्याच्या वर भरू दिली नाही. तूट एकदम थांबली. मग तर कुणाला शंकाच उरली नाही. मेहुणा लाकडाच्या वखारीत फळ्या उचलायला लागला. त्याचे वडील, म्हणजे मिस्त्रींचे सासरे, स्वतः जन्मभर ट्रक चालवलेले. टाकीतलं डिझेल विकणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी माणसातून उठलेला. "जावई कशाला खोटं बोलेल?" एवढं ते बोलले आणि मुलाशी बोलणंच बंद केलं. एका घरात राहून म्हातारा त्याच्याकडे पाठ करून जेवायचा.

मिस्त्रींची बायको नवऱ्याला काही बोलली नाही. मात्र माहेरी जायची ती एकटी, आणि परत आल्यावर तिथलं काही सांगायची नाही. मिस्त्री स्वतःला बजावायचे, जे दिसलं ते बोललो. तरी भरलेल्या टाकीचा ट्रक रस्त्यानं जाताना दिसला की त्यांची मान तिकडं वळायची.

पुढे मालकांनी त्या ट्रकवर आपल्या पुतण्याला बसवलं आणि लांबच्या फेऱ्यांसाठी टाकी भरून द्यायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीत तूट आली.

मालक ट्रक घेऊन हजर. "मिस्त्री, गळती आहे. नीट शोधा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे? माझा पुतण्या चोरी करेल काय?"

मिस्त्रींनी या वेळी टाकी काठोकाठ भरून घेतली. बाहेरून ती पुसली, तिच्यावर खडूची पूड उधळली आणि पुतण्याला म्हणाले, मागच्या खडबडीत मैदानात चार चकरा मार. ट्रक परत आला तसे ते खाली सरकले. पांढऱ्या पुडीत एक ओली रेघ उतरली होती. टाकीला ट्रकच्या सांगाड्याशी आवळून धरणारा जो लोखंडी पट्टा असतो, त्याच्या मागून.

त्यांनी पट्टा सैल केला. टाकी घासू नये म्हणून पट्ट्याखाली रबराची पट्टी घालतात. ती ओढून काढली आणि तिच्याकडे बघत ते तसेच पडून राहिले. पट्टी त्यांनीच घातलेली होती. तूट सुरू होण्याआधी मालकांनीच ट्रक टाकी धुवायला आणला होता, तेव्हा कोपऱ्यातल्या जुन्या टायरमधून आपल्या हातानं कापून घातली होती. त्या टायरच्या पोटात पोलादी तारा होत्या. कापताना हाताला लागल्याही असतील. कोण नवी पट्टी आणायला जातो, म्हणून चालवून घेतलं. रबर झिजलं, तारा बाहेर आल्या आणि प्रत्येक हादऱ्याला पत्रा कुरतडत राहिल्या. तिथं तिळाएवढं भोक पडलं होतं. टाकीच्या वरच्या अर्ध्या भागात.

मालक वाकून बघत होते. "सापडलं ना? झाळ मारून भोक बुजवा आणि विषय संपवा."

"आणि आमचा मेहुणा?"

"त्याचं आता काय? लागलाय ना वखारीत?" मालकांनी आवाज उतरवला. "तुमच्या भल्याचं सांगतो मिस्त्री. पट्टी तुमचीच होती हे बोललात, तर उद्या गाडी कोण आणेल इथं?"

आणि एक क्षणभर ते मिस्त्रींना पटलं. आपल्याला ते पटलं, याचीच लाज त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाटली. मला हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्यांनी झाळ मारली नाही. टाकी रिकामी केली आणि लाकडी ठोकळ्यांवर उतरवून ठेवली. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "जिथं बोललात तिथं जाऊन सांगा."

सकाळी ते वखारीत गेले. मेहुणा फळ्यांच्या थप्पीवरून उडी मारून खाली आला. "दाजी? ताई बरी आहे ना?"

आपल्याला बघून याच्या मनात आधी घरातली वाईट बातमी यावी, हे मिस्त्रींना लागलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. पट्टी, तारा, भोक. मेहुणा तळहातातली कुसळं नखानं काढत ऐकत होता.

"मी म्हटलं होतं, टाकी भरून बघा."

"म्हटलं होतंस."

"ऐकलं होतं तुम्ही."

"ऐकलं होतं."

मेहुण्यानं तळहात झटकला. "शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं दाजी," मेहुणा म्हणाला, "की झोपलो असताना कुणीतरी काढत असेल. आपलंच लक्ष नसेल."

"मी मालकांशी बोलतो. गाडी परत—"

"गाडी राहू द्या. बाबांना सांगा."

दोघं तसेच घरी गेले. म्हाताऱ्यानं दारातच सगळं ऐकून घेतलं. मग काठी घेतली आणि चपला पायात सरकवल्या. "मागच्या खेपेला नुसतं सांगण्यावर गेलो," ते म्हणाले. "आता दाखवा."

गॅरेजात नेहमीचे ड्रायव्हर चहा पीत होते. मिस्त्री त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गळती होती. माझ्या पट्टीनं भोक पाडलं होतं. मेहुण्यानं एक थेंब घेतला नव्हता." कप धरलेले हात तसेच राहिले.

"पाणी भरा," म्हातारा म्हणाला.

मिस्त्रींनी नळी लावली. पाणी अर्ध्यापर्यंत चढलं. टाकी बाहेरून ठणठणीत कोरडी. म्हातारा बघत उभा. पाणी आणखी चढलं आणि पत्र्यातून दोऱ्यासारखी बारीक धार सुटली. नळी काढल्यावरही धार चालूच होती. पाणी भोकाच्या खाली जायला बराच वेळ लागला आणि बसायला दिलेल्या स्टुलाकडे म्हाताऱ्यानं पाहिलंही नाही. धार आपोआप थांबली तेव्हा त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

मग ते मुलाकडे वळले. "तू तेव्हा मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, बाबा."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. गॅरेजाबाहेरच्या उतरणीवर आधाराला म्हणून मिस्त्रींनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मुलाचा घेतला. दोघं रस्त्याच्या कडेनं हळूहळू निघून गेले.

चहा पिणाऱ्यांतला एक ड्रायव्हर उठला. समजूत घालावी म्हणून म्हणाला, "असू द्या मिस्त्री. होतं असं."

"होत नाही," मिस्त्री म्हणाले. "मी केलं."

आणि टाकीत उरलेलं पाणी सोडायला ते खाली वाकले.