स्वर्गरथामागे ताशी तीस

आमच्या खामगावात वेगमर्यादा पाळणारी वाहनं दोनच आहेत: एक स्वर्गरथ आणि दुसरी माझी गाडी. स्वर्गरथातल्या माणसाला घाई नसते आणि माझ्या गाडीतल्या माणसाला घाई करायची परवानगी नसते.

माझ्या गाडीतलं माणूस म्हणजे आमच्या सौ., शालिनीबाई. मागे एकदा भाजी घेऊन रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलवाल्याने तिला उडवलं आणि मागे वळून न बघता निघून गेला. मनगटात स्टीलची पट्टी बसली. हाड जुळलं, धीर मात्र मोडला तो मोडलाच. समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायची तरी ती फाटकात उभी राहून कुणाची तरी सोबत शोधायची. ते बघून मला भडभडून यायचं आणि मग संताप यायचा. मी निवृत्त गणितमास्तर! नगर परिषदेत इतक्या चकरा मारल्या, की मला बघितलं की साहेब मागच्या दाराने जेवायला जायचे (सकाळी अकरा वाजता!). शेवटी आमच्या रस्त्यावर 'वेगमर्यादा ३०' असा बोर्ड लागला. दुसऱ्याच आठवड्यात त्यावर कुणीतरी शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटवली. ती मी स्वतः खरवडून काढली.

या बोर्डाचे सगळ्यात मोठे विरोधक म्हणजे शेजारचे रहीमभाई. गुरांच्या सरकी-ढेपेचा व्यापार, वय साठीच्या पुढे. पण बुलेटवर बसले की विशीच्या अलीकडे.

"सर, तीसनं गाडी हाकली त मांगचा शिव्या देते, गाडी गरम होते, चौकात जाम लागते. फायदा कायचा?"

"तीसमध्ये ब्रेक दाबला तर समोरचा माणूस वाचतो, रहीमभाई."

"अन् दवाखान्यात न्याचा मानूस? तो त रस्त्यातच जाते ना जी!"

यावर मी दुसरा चहा मागवायचो.

आता मूळ मुद्दा. शालिनीचा एकुलता एक भाऊ वसंता अकोल्याला असतो. आमच्या मुलीच्या लग्नात मामाचा मानाचा टॉवेल-टोपी त्याच्या आधी नवरदेवाच्या चुलत्याला दिला गेला. वसंता पंगतीतून उठला आणि न जेवता गेला, तो पुन्हा आमच्या दारात आला नाही. राखी पोस्टाने जायची, उत्तर यायचं नाही. तरी ती दरवर्षी राखी पाठवायची आणि पोस्टमनची वाट बघायची. टॉवेल-टोपीसाठी माणसं तुटतात, हे गणित मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

आणि त्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. वसंताला हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेत होते. रेल्वेगाडी दुपारी आमच्याजवळच्या शेगाव स्टेशनवर थांबणार होती.

"आत्या, बाबा तुह्या नावाचं काही बोलून नाही राह्यले. पण खिडकीपाशीच बसणार म्हणे."

शालिनीने फोन ठेवला आणि सरळ दशम्या करायला घेतल्या. सोबत मिरचीचा ठेचा. (हृदयाच्या पेशंटला ठेचा! पण तेव्हा हे बोलायची छाती माझ्यात नव्हती.) निघायला उशीर झाला. डबा पोटाशी धरून ती मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "आयकता का? आज तरी जरा जोरात घ्या."

"गावाबाहेर पडलो की घेतो. गावात तीस म्हणजे तीस."

"माहा भाऊ हाये तो!"

"अगं, बोर्ड मीच लावायला लावला ना! मीच मोडला तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणत होते ते मागून ऐकू येतच होतं. एक रिक्षावाला बाजूने जाताना ओरडला, "ओ काका, गाडी ढकलू काय?" एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि सहानुभूतीने मान हलवली. मी ढळलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

आणि तेवढ्यात गल्लीतून स्वर्गरथ बाहेर आला. मी चाळीसने गेलो असतो तर तो येण्याआधीच निसटलो असतो. तीसने गेल्यामुळे बरोब्बर त्याच्या मागे सापडलो. आता मयतीच्या पुढे जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गर्दीत शिव्या देणारा माणूससुद्धा मयत दिसली की हात जोडून मागे थांबतो. माझ्या मागे मयतीचे दोन टेम्पो आणि पुष्कळ मोटारसायकली लागल्या. स्वर्गरथ चालत होता पंधराने. माझ्या मर्यादेच्या निम्म्याने!

आरशात बघितलं तर शालिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हुंदका नाही की काही नाही. बाजूच्या मोटारसायकलवरचा माणूस तिला बघून हळहळला, "मयत भाऊची कोणी सख्खी दिसते बिचारी."

तेवढ्यात मागे अडकलेली एक बुलेट बाजूला आली आणि खिडकीवर टकटक झाली. रहीमभाई!

"काय झालं, भाभी?"

"वसंता जाऊन राह्यला, रहीमभाऊ. शेगावले गाडी थांबते जराशी. अन् हे..." पुढचं तिला बोलवेना.

रहीमभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. वादात जिंकण्याची इतकी नामी संधी त्या भल्या माणसाने सोडून दिली. "मयतीच्या पुढं मी बी नाही जात. पण या गल्लीतून मांगच्या रस्त्यानं निघतो. बसा."

फाटकातून रस्ता ओलांडायला घाबरणारी माझी बायको गाडीतून उतरली. रहीमभाईंनी आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर घातलं. डबा मध्ये ठेवून ती बुलेटवर बसली. मी ओरडलो, "रहीमभाई, सांभाळून! तीस..."

"सर, आज मी अनपढ हावो. बोर्ड वाचता येत नाही मले!"

आणि धूळ.

मी एकटा उरलो. वळावं म्हटलं तर पुढे स्वर्गरथ, मागे टेम्पो, दोन्ही बाजूंना शोकाकुल माणसं. अशा रीतीने, ज्याचं नावही मला ठाऊक नाही अशा माणसासोबत मी थेट स्मशानात पोचलो. गाडीतच बसून राहावं तर लोकांनी दार उघडून दिलं.

आमच्याकडे अग्नी दिला की शोकसभा होते, आणि शोकसभेत निवृत्त मास्तर दिसला की त्याची सुटका नसते. "सर आलेले हायेत. सर, भाऊबद्दल दोन शब्द बोला."

कोण भाऊ? विचारायची सोय नव्हती. माझं अर्धं चित्त शेगावच्या रस्त्यावर होतं. बुलेट कुठे असेल? ती पडली तर नसेल? तोंडातून आपोआप निघालं ते असं: "भाऊंनी आयुष्यात कधीच घाई केली नाही. सदैव मर्यादेत राहिले. कुणालाही मागे टाकून पुढे जावं असं त्यांना वाटलं नाही..."

गर्दीत कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी. पाहतो तर खोकला नव्हताच, माणसं तोंडात उपरणं कोंबून हसत होती!

भाऊचा मुलगा हात जोडून पुढे आला. "सर, बाबा काळी-पिवळी टॅक्सी चालवत होते. एसटी सुटली की चहा पिऊन निघत, अन् एसटीच्या आधी अकोल्याले पोचत."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. (जागाही योग्य होती.) तेव्हा एक म्हातारबाबा काठी टेकत उठले. "हासू नका रे. माही सून बाळंतपणात अडली होती. त्यानंच पोचोलं दवाखान्यात. जरा उशीर झाला असता त दोघं बी नसते. नातू आता कॉलेजात हाये."

सगळ्यांनी तोंडातली उपरणी काढली. रहीमभाईंच्या ज्या प्रश्नावर मी इतके दिवस चहा मागवत होतो, त्याचं उत्तर समोर जळत होतं. आणि ज्याने शालिनीला उडवलं, तोही कुठेतरी पोचण्याच्याच घाईत असणार. कुणासाठी थांबायचं आणि कुणासाठी पळायचं, हे बोर्डावर लिहिता येत नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो.

दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. आणि माझा मोबाइल वाजला. शालिनी! दुसरं कुणी असतं तर मी बंद केला असता.

"गाडी मिळाली का गं?" मी ओरडलो. अख्खं स्मशान माझ्याकडे वळलं.

"भेटला जी! खिडकीतच होता." ती रडत होती, हसतही होती. "डबा घेतला त्यानं. हात सोडेना. मंग म्हणते, भाऊजी काऊन नाही आले, अजून रुसले काय? म्या म्हटलं, ते मयतीले गेले. तो म्हणे, कोणाच्या? म्या म्हटलं, ते त्यायले बी मालूम नाही! असा हासला, असा हासला, की पोरगं भेलं."

मला हुंदकाच फुटला. लोकांना वाटलं, भाऊंवर सरांचा फारच जीव होता. दोघांनी धरून मला खाली बसवलं आणि पाणी पाजलं.

माझ्या भाषणाची हकीकत शालिनीने ऑपरेशनच्या आधीच वसंताला फोनवर सांगितली होती. ऑपरेशन छान झालं. बोलायची परवानगी मिळाल्यावर त्याने पहिला फोन बहिणीला नाही, मला केला. आवाज खोल गेलेला, पण शब्द स्पष्ट होते.

"भाऊजी, डॉक्टर म्हणते, तुम्ही लय हिंमतीचे. मी म्हटलं, हिंमत नाही जी, भेव. मेलो असतो त भाषणाले आमचे भाऊजी उभे राह्यले असते!"