देवी टोचणारी बाई

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पन्नासच्या दशकात आम्ही मालाडला राहायचो. एका उन्हाळ्यात जवळच्या कोळीवाड्यात देवीची साथ आली आणि म्युनिसिपालटीची ही बाई आमच्या चाळीत लस टोचत फिरू लागली. पांढरं पातळ, धुळीनं माखलेल्या चपला. ती कुणाकडे बसायची नाही. बोलतानाही तिची नजर पुढच्या दाराकडे असायची.

आमच्याकडे आली तेव्हा माझी तान्ही मुलगी पाळण्यात होती. सासूबाई आडव्या आल्या. "आत्ताच डोळा लागलाय हो तिचा. उद्या टोचा. बसा, चहा घ्या."

बाई उंबऱ्यातच चुळबुळत राहिली. "आजी, कोळीवाड्यात एकीनं असंच सांगितलं. मी ऐकलं, चहा प्यायले. परत गेले तेव्हा पोराच्या अंगभर फोड होते. आता कुठं बसवतच नाही मला."

मग सासूबाईंनीच झोपलेल्या पोरीला उचललं आणि तिचा दंड पुढे केला. सुई लागताच पोरीनं टाहो फोडला. बाईनं तिच्या गालावरून बोट फिरवलं आणि ती लगेच निघाली.

शेजारचं दार बंद होतं. बाईनं कडी वाजवायच्या आधीच सासूबाई रडत्या नातीला घेऊन बाहेर आल्या आणि ओरडल्या, "अगं सुमन, दार उघड! झोपला असला तरी उठव पोराला!"