मोरेश्वर करार मोडायला निघाला तेव्हा

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात कुणाच्या घरी चार मराठी माणसं जमली आणि त्यांतल्या एकाचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला, तर तो मोरेश्वर हरदास समजावा. मूळचा अकोल्याचा. तरुणपणी कॅनडात गेला, तिथला नागरिक झाला आणि मग नोकरीसाठी नदी ओलांडून इकडे मिशिगनमध्ये आला, त्याला आता बारा वर्षं झाली. इंजिनियर आहे. गाडीच्या दाराला कडेने काळं रबर असतं ना, ज्याच्यामुळे वारा-पाऊस आत येत नाही, ते बनवणाऱ्या कंपनीत. एवढ्याशा रबरावर माणूस किती बोलू शकतो हे पाहायचं असेल तर त्याला जेवायला बोलवावं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावी.

पण माणूस सोन्यासारखा. मी सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई; जन्मभर ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना भूल दिली आणि आता निवृत्त आहे. हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ मी उठायच्या आत निघालेला असतो आणि मागोमाग हुकूम येतो, "कांचनमावशी, चहा टाका!" चहाबरोबर मग जगाचं राजकारण. त्यातलं निम्मं चूक असतं, पण तो ते इतक्या जोरात सांगतो की दुरुस्त करायचा मलाच कंटाळा येतो.

त्याला एका गोष्टीचा फार तोरा होता. आमच्याकडची बहुतेक मुलं भारतातून थेट आलेली, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे करत बसलेली. आमचा यतीन त्यांतलाच. कागदपत्रांशिवाय दुसरा विषय नाही बिचाऱ्याला. मोरेश्वरचं तसं नव्हतं. दर तीन वर्षांनी तो सकाळी नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला जायचा, पुलावरून परत येताना कॅनडाचा पासपोर्ट आणि कंपनीच्या वकिलाने दिलेलं पाकीट अधिकाऱ्यापुढे ठेवायचा आणि नोकरीचा नवा परवाना घेऊन जेवायला घरी हजर! पाकिटात काय आहे हे त्याने एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. "शेजाऱ्याला कोण अडवतंय, मावशी?" तो म्हणायचा. "यतीन, तू बस लायनीत. आम्ही शेजारी!" यतीन हसायचा. त्याच्या जागी मी असते तर हातातली बशी फेकून मारली असती.

त्याची बायको मीनाक्षी फार बोलत नाही. कॅनडात ती फार्मसिस्ट होती. मोरेश्वरच्या परवान्यावर बायकोला इथे राहता येतं, नोकरी करता येत नाही, म्हणून ती इथे आल्यापासून घरी. रविवारी मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवायची, लायब्ररीत जायची, मुलीला सगळीकडे ने-आण करायची. मुलगी अनया आता हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात. मीनाक्षीला मी कधी कुरकुरताना ऐकलं नाही, म्हणून ती सुखात आहे असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मोरेश्वरच्या कंपनीने इथल्या कारखान्यातली एक अख्खी लाइन उचलून मेक्सिकोला नेली. ज्या माणसांबरोबर तो रोज डबा खायचा ती एका दिवसात बेकार झाली. यंत्रं ट्रकवर चढली त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन चक्क रडला. नाक पुसलं आणि म्हणाला, "हे सगळं त्या ट्रेड ॲग्रीमेंटमुळे, मावशी. आग लावली पाहिजे त्याला." अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा जो व्यापार करार आहे, तो त्या दिवसापासून त्याचा वैयक्तिक शत्रू झाला.

त्यामुळे तिन्ही देशांची फेरबोलणी सुरू झाली आणि अमेरिका या गटातून बाहेरच पडणार अशी कुजबुज ऐकू येऊ लागली, तेव्हा मोरेश्वरच्या अंगात वारं शिरलं. मंत्री आत गेले, मंत्री बाहेर आले, कुणी हात मिळवला, कुणी नाही, सगळं तो मॅच बघावी तसं बघायचा. बोलणी फिसकटल्याची बातमी आली की त्याचा मला फोन. "मावशी, विकेट!"

आमच्या मराठी मंडळात दरवर्षी एक वादसभा होते. ती माझ्या नवऱ्याने, उल्हासने, सुरू केली. तो गेला, पण त्याची एक पद्धत अजून चालू आहे. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठीवर ठरतं, मनात काहीही असो. आणि निकालाच्या आधी दोन्ही वक्त्यांनी पुन्हा माइकपाशी येऊन आपलं खरं मत एका वाक्यात सांगायचं. त्याला मार्क नाहीत. उल्हास म्हणायचा, तेवढंच ऐकायला मी येतो.

या वर्षीचा विषय अर्थातच मोरेश्वरने सुचवला, अमेरिकेने करारातून बाहेर पडावं की नाही. चिठ्ठीत त्याला त्याचीच बाजू आली. विरोधात बोलायची चिठ्ठी निघाली मीनाक्षीच्या नावाने. लोकांना गुदगुल्या झाल्या. नवरा-बायकोचं भांडण फुकटात, वर बटाटेवडे! लायब्ररीचा हॉल कधी नव्हे तो भरला. मी परीक्षक, आणि वेळ संपली की घंटा वाजवायची तीही मीच.

मोरेश्वर सुरेख बोलला. मला त्याचं मत पटत नव्हतं तरी म्हणेन, सुरेख बोलला. गेलेल्या माणसांची नावं घेतली त्याने, त्यांच्या बंद पडलेल्या मशीनचा आवाज सांगितला. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणाला, "करारातच लिहिलंय, सहा महिन्यांची नोटीस द्या आणि बाहेर पडा. मग द्या ना नोटीस! आजच द्या! घाबरताय कुणाला?" टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेत अनयाने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.

मग मीनाक्षी उठली. हातात कागद नव्हता. "माझे प्रतिस्पर्धी मित्र" अशी तिने सुरुवात केली आणि हॉल खो-खो हसला. मोरेश्वरने उभं राहून नमस्कार केला. तिने रबराची गोष्ट सांगितली. तेच रबर एका देशात घोटलं जातं, दुसऱ्यात कापलं जातं, परत येऊन दाराला लागतं. वाटेत कर बसला तर गाडी महाग होईल आणि उरलेल्या नोकऱ्याही जातील. ठीक चाललं होतं. मी मनात मार्क मांडत होते.

मग ती मोरेश्वरकडे वळली. "माझ्या मित्रांना एक प्रश्न आहे. तुम्ही अमेरिकेत नोकरी करता ती कशाच्या जोरावर?"

"कॅनडाचा सिटिझन आहे म्हणून!" तो खुर्चीतूनच ओरडला.

"कॅनडाच्या नागरिकाला इथे फिरायला येता येतं. नोकरी करता येत नाही," मीनाक्षी म्हणाली. "तुम्हाला पुलावर दर तीन वर्षांनी जो परवाना मिळतो, तो शेजारी म्हणून नाही मिळत. तो याच व्यापार करारात आहे. तिन्ही देशांनी मालाबरोबर काही शिकलेली माणसंही ये-जा करू द्यायची ठरवली, त्यांत तुम्ही आहात. करार मोडला तर तो परवानाही जाईल, असं वकील सांगतात. आपल्या मुलीची शाळा जूनमध्ये संपते. तुम्ही आत्ता जी सहा महिन्यांची नोटीस मागितलीत, ती शाळा संपायच्या आतच आपल्या घराला लागू होते."

तिची वेळ संपली होती. घंटा माझ्या हातात होती आणि ती मला वाजवता येईना. पन्नास वर्षं या देशात काढली मी, रोज दोन वर्तमानपत्रं वाचते, आणि मला याचा पत्ता नव्हता!

मोरेश्वर आधी हसला. कोटी असेल, पुढे काहीतरी येईल, म्हणून थांबला. काहीच येईना तेव्हा त्याने यतीनकडे पाहिलं, कारण कागदपत्रांतलं कळतं ते यतीनला. इतक्या वर्षांची टोमणेबाजी फेडायची ती संधी होती, पण यतीनचा चेहरा पडलेला. "हो दादा," तो हळूच म्हणाला, "तुझा टीएन परवाना तिथूनच येतो. आय थॉट यू न्यू, यार."

उत्तर द्यायला मोरेश्वरला दोन मिनिटं होती. तो आला, माइकचा दांडा धरून उभा राहिला. भुलेतून बाहेर येणारी माणसं मी हजारोंनी पाहिली आहेत. डोळे उघडतात, पण आपण कुठे आहोत ते कळत नाही. अगदी तसा दिसत होता. सगळ्या हॉलसमोर, आमच्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस बायकोला म्हणाला, "अगं, पण आपण शेजारी ना?"

कुणीही हसलं नाही. हाच माणूस दोन वर्षं स्वतःच्या पायाखालची सतरंजी ओढत होता, आणि आम्ही त्यावर टाळ्या वाजवत होतो.

तिथेच सभा संपवावी असं मला वाटलं. पण उल्हासची पद्धत. मी म्हटलं, "खरं मत. एक वाक्य." आधी मोरेश्वर. तो इतक्या हळू बोलला की माइकमधूनसुद्धा कान द्यावा लागला. "करार राहू दे."

मग मीनाक्षी. मला वाटलं, ही आता त्याला सावरून घेईल, दोघं एकाच बाजूला आली म्हणून लोक टाळ्या वाजवतील आणि आपण वड्यांकडे वळू. मीनाक्षी म्हणाली, "मला तो मोडलेला हवाय."

मागून अनयाचा आवाज आला, "मॉम! व्हॉट?"

"एका वाक्यात नाही होणार, मावशी, सॉरी," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "कॅनडात, मिसिसॉगाला, माझं औषधांचं काउंटर होतं. म्हातारी माणसं येऊन विचारायची, मीनाक्षी आहे का? मग थांबतो. इथे त्या करारात याचं शिक्षण आहे, याचं काम आहे, आणि पुढे बायको. काम न करणारी. करार मोडला तर मला परत जाता येईल, असं बोलणी सुरू झाल्यापासून रोज मनात येतं. अशाच परवान्यावर आलेल्या दुसऱ्यांची घरं डोळ्यांसमोर येतात, अनयाची शाळा येते, आणि माझी मला लाज वाटते. तरीही येतं. तुम्ही खरं विचारलंत."

बक्षीस तिला दिलं. लोकांनी वडे गुपचूप खाल्ले. आमच्या मंडळात हे प्रथमच घडलं असावं.

पार्किंगमध्ये मला आधार द्यायला ती दोघं माझ्या दोन्ही बाजूंनी चालत होती, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे गेलं. अनया पुढे होऊन गाडीत बसली होती.

"कधी बोलली नाहीस," मोरेश्वर म्हणाला.

"बोलले होते. पहिल्याच हिवाळ्यात. विंडसरला नोकरी बघते, रोज जाऊन-येऊन करते म्हटलं. तू म्हणालास, रोज पूल? स्नोमध्ये? काही नको. इथे काय कमी आहे तुला?"

त्याला ते आठवलं. त्याच्या हातावरूनच मला ते कळलं; माझ्या दंडावर तो सैल पडला. मग तो म्हणाला, "बरं. बघू आता बोलणी कशी होतात. करार टिकला तर मग आपण शांतपणे तुझं—"

"मोरेश्वर, मी बोलण्यांची वाट बघत नाहीये," ती म्हणाली. "गेल्या सोमवारी विंडसरला जाऊन आले. तिथल्या एका फार्मसीने हो म्हटलंय. आत्ता असिस्टंट म्हणून, लायसन्सची परीक्षा परत देईन. अनयाची शाळा आहे तोवर राहायचं इथेच, कामाला रोज तिकडे. करार राहिला तरी जाणार आणि गेला तरी जाणार."

"सोमवारी?" त्याचा आवाज चिरकला. "सोमवारी तू लायब्ररीत होतीस ना? आणि मला आज सांगतेस?"

"देशाला सहा महिन्यांची नोटीस लागते," मीनाक्षी म्हणाली. "तुला दोन आठवड्यांची देतेय."

मी दोघांच्या मधे उभी. बारा वर्षं शेजारी राहून मला या बाईची काही म्हणजे काही माहिती नव्हती, आणि तिच्या नवऱ्यालाही नव्हती.

बोलणी अजून चालूच आहेत. करार राहील की जाईल, मला विचारू नका. मोरेश्वरलाही आता कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. माझ्या दारातला बर्फ हल्ली उशिरा निघतो, कारण आधी तो मीनाक्षीची गाडी मोकळी करतो. मग चहाला येतो. कप हातात धरून फोनवर पुलावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघत बसतो. त्या चित्रात गाड्या मुंगीएवढ्या दिसतात, कुठली कुणाची ते कळत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी रांग पुढे सरकेपर्यंत तो चहाला तोंड लावत नाही.