कुपवाडच्या मोकळ्या रस्त्यावर

सांगलीत एम.ए. करत असताना मी दर आठवड्याला कुपवाडला जायची, कामगार बायकांना स्कूटी शिकवायला. कारखान्यांना सुट्टी असली की तिथले रस्ते मोकळे असायचे. गाडी माझीच होती.

शिकायला येणाऱ्यांत जतकडच्या एक मावशी होत्या. त्या वर्कशॉपमध्ये कामाला होत्या आणि घरापासून तिथवर रोज चालत जायच्या. शिकाऊ लायसन्स काढून त्या पहिल्यांदा गाडीवर बसल्या आणि थेट बाभळीच्या झुडपात घुसल्या. मी घाबरून धावले.

"मावशी, लय लागलं का?"

"लागू दे की," काटे झटकत त्या म्हणाल्या. "शंभर मेंढरं वळलीत मी. ही एक न्हाई व्हय वळायची?"

मग कित्येक आठवडे मी त्यांच्या गाडीमागं पळत होते. हळूहळू त्यांचा तोल सावरला, वळणंही जमायला लागली. पक्कं लायसन्स मिळालं तेव्हा त्यांच्या घरात एक जुनी स्कूटी आली.

एका सकाळी माझी गाडी दुरुस्तीला टाकून मी कुपवाडच्या स्टॉपवर बसची वाट बघत होते. कामावर निघालेल्या दुचाक्यांची गर्दी होती आणि त्या गर्दीत मावशी दिसल्या. हेल्मेट घालून त्या ताठ बसल्या होत्या. मागं दोघांचे डबे सांभाळत त्यांचा नवरा बसला होता. मला बघून मावशींनी जोरात हॉर्न वाजवला.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण गं त्या?"

"माझ्या विद्यार्थिनी," मी म्हणाले, आणि जरा मोठ्यानंच म्हणाले.