थंड गोदामाचं दार आणि चहाचे बारा ग्लास

कसे आहात सगळे? पार्ल्याच्या शालिनीताई, गुडघ्याची सूज उतरली का? साताऱ्याचे जगताप गुरुजी, दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? भीती वाटते म्हणून पुढं ढकलू नका, मी केलंय, काही कळत नाही. नागपूरच्या संघमित्राबाई, नातवाचा खोकला थांबला असेल अशी आशा. माझं म्हणाल तर बीपीची गोळी चालू आहे आणि साखर जरा वर आहे. त्याला कारण मीच, आणि या लेखात पुढं किती चहा येतो ते वाचून ओरडू नका.

यावेळचा प्रवास लांबचा नाही. भोईवाड्यातून निघून माझगावच्या गोदीकडं, तिथून गिरगाव, मग दादर आणि परत. एका दिवसात होतो. पण मी सत्तरीच्या पुढचा माणूस सांगतो, एवढा लांब जाऊन आल्यासारखं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

झालं असं. माझी भाची प्रज्ञा, नायगावच्या चाळीत वाढलेली पोर, आता इंजिनियर आहे. खाडीपलीकडच्या एका बंदरात थंड मालाचं टर्मिनल व्हायचंय. म्हणजे कोळंबी, द्राक्षं, आंबे, औषधं ट्रकनं येणार, गोठवणाऱ्या गोदामात थांबणार, मग फ्रीजसारख्या कंटेनरात भरून बोटीवर चढणार. त्या गोदामाचा नकाशा प्रज्ञाच्या हाती. शुक्रवारी तो साहेबांकडं द्यायचा, आणि एकदा सही झाली की भिंती तशाच उभ्या राहणार.

बुधवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ती आमच्या खोलीवर आली. "मामा, तुम्ही म्हणालात तसं केलंय. हमालांची चहाची खोली दारापासून लांब, दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर. आणि दारं आपोआप बंद होणारी."

हा सल्ला माझाच. मी चाळीस वर्षं थंड गोदामांची मशीनं सांभाळली. सातवीनंतर शाळा सुटली, गॅस भरायला आणि कॉम्प्रेसर खोलायला हातानंच शिकलो. सगळा जन्म एकाच गोष्टीवर भांडलो: माल उचलणारे टोळीवाले चहाला जातात आणि दार सताड उघडं टाकतात. आत वाफ होते, पंख्यावर बर्फ चढतो, मशीन धापा टाकतं आणि बोलणी आम्हाला बसतात. म्हणून पोरीला म्हणालो होतो, चहा लांब ठेव आणि दारं आपोआप लागणारी घे, म्हणजे दारात रेंगाळणार नाहीत.

"पण मामा, मी गोठवणखोलीत कधी पाऊलच टाकलेलं नाही," ती म्हणाली. "उद्या दाखवाल?"

गुरुवारी पहाटे साडेपाचला निघालो. पहिला मुक्काम भाऊच्या धक्क्याचा मासळीबाजार. भोईवाड्याहून टॅक्सी केली, कारण त्या वेळी बसची वाट बघण्यात बाजार संपतो. जाणार असाल तर जुनी चप्पलसुद्धा नको, गमबूट घाला, नाहीतर पँट दुमडून घ्या. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

प्रज्ञा कॅनव्हासचे पांढरे बूट घालून आलेली. एका कोळणीनं पाहिलं आणि हसायलाच लागली. "काय गो बाय, लग्नाला आलीस का?"

"मावशी, बर्फ किती घालता ते बघायला आलेय."

"बर्फ बघायला? मग हात घाल की!" असं म्हणून तिनं पोरीचा हात धरून कोळंबीच्या टबात मनगटापर्यंत दाबला. प्रज्ञानं 'आई गं' करून ओढला. मावशी म्हणाली, "इतक्यात? मी चार वाजल्यापासून घातलाय. बोटं ऐकत नाहीत मग, सुट्टे पैसेपण धरवत नाहीत."

प्रज्ञा बराच वेळ ती बोटं उघडमीट करत चालत होती. मी हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं, तिला तिथंच काहीतरी कळायला लागलं होतं.

तिथून चालत गोदीच्या बाजूला. एका जुन्या खासगी गोदामात अन्वर नावाचा माझा जुना सोबती अजून मशीनवर आहे, त्याच्या ओळखीनं रात्रीच फोनवर मालकाची परवानगी काढली होती. ओळख नसेल तर उगाच गेटवर हुज्जत घालू नका, सोडत नाहीत आणि बरोबरच करतात. आत जाताना स्वेटर, कानटोपी घ्या आणि चष्मा काढून खिशात ठेवा. बाहेर आलात की तो असा धुरकटतो की समोरचा माणूस की खांब, कळत नाही.

अन्वरनं आम्हाला जाड कोट दिले. आत उणे अठरा. प्रज्ञा पाच मिनिटं टिकली. माथाड्यांची टोळी मात्र खोकी उचलत होती, बोलत नव्हती, फक्त श्वासाचे ढग दिसत होते. दहाच्या सुमारास मुकादमानं शीळ घातली आणि सगळे बाहेर. दारावरचा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सुतळीनं वर बांधलेला, दार उघडं, आणि पांढरी वाफ आमच्या पायांवरून वाहत निघालेली.

माझा ठेवणीतला आवाज निघाला. "अरे, दार कोण लावणार? तुमचा काका?"

मुकादम बाळाराम, जावळीकडचा, पन्नाशीचा गडी. शांतपणे म्हणाला, "काका, शिव्या मागनं द्या. आधी मोजू द्या."

चहावाला किटली आणि तारेच्या जाळीत ग्लास घेऊन दारातच उभा होता. टोळी बारा जणांची, ग्लास बारा. एकेकानं उचलला. जाळीत एक ग्लास उरला.

"कोण ऱ्हायलं?" बाळाराम ओरडला.

"दिनकर!"

"ए दिनकऱ्या! भाईर ये, च्या गार व्हतोय!"

आतून, रॅकच्या मागून, हातमोजे शोधत राहिलेला एक माणूस नाक पुसत बाहेर आला. त्यानं तो ग्लास उचलला. तेव्हा बाळारामनं जाळी उलटी करून दाखवली, रिकामी, आणि स्वतः जाऊन दार ओढून कडी घातली. सगळं मिळून फार तर दोन मिनिटं.

मी म्हणालो, "हजेरी घ्यायची तर नावं पुकारा की."

"पुकारली व्हती पूर्वी. माणूस 'हाय हाय' म्हनतो आन् तंबाखू आणाय परत आत जातो. पर गरम च्याचा गिलास हातात घेतल्यावर कोन बर्फात जात न्हाई." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "दुसऱ्या एका गोदामात आमच्या गावचा एक जण आत ऱ्हायला व्हता, काका. वरच्या साहेबानं दार लावलं, मशीनला त्रास व्हतो म्हनून. दुपारी सापडला. जगला, पर पायाची बोटं गेली."

"आतून उघडायची कडी असते ना?" प्रज्ञानं विचारलं.

"असती की. बोटांनी धरायला लागती ती."

तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. मग विचारलं, "चहाची जागा लांब असेल तर?"

"तर टोळी लांब जानार, मोजनी तिकडं, आन् मी परत येईस्तोर दार उघडं. आन् दार आपसूक लागनारं असंल, तर ताई, राग मानू नका, आमी आत जायचं न्हाई."

अन्वर मला कोपरानं ढोसून म्हणाला, "चाळीस साल ये बात किसीने तेरे को बताई नहीं?"

"मैंने पूछी कब?" मी म्हणालो. खरं होतं ते.

गिरगावात जेवायला गेलो. गल्लीतली साधी खानावळ, बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, माणशी अडीचशेच्या आत. एक वाजायच्या आत पोचा, नंतर बांगडा संपतो. प्रज्ञाच्या ताटातला बांगडा मात्र तसाच. तिनं पाण्याचा ग्लास सरकवून लॅपटॉप उघडला आणि वरच्या मजल्यावरची खोली पुसून टाकली.

"दर दोन दारांच्या मध्ये एक उबेची खोली. चहा तिथंच. पण मामा, त्यात ट्रक लावायची जागा जाते. साहेब म्हणतील, कमी ट्रक म्हणजे कमी माल."

"मग?"

"मग काय? नकाशा माझ्या नावानं जाणार आहे." तिनं तिथूनच साहेबांना फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो सर... नाही सर, चहा पिण्यासाठी नाही, मोजण्यासाठी... सर, तुम्ही एकदा येऊन बघा... नाही, आधीचा सल्ला चुकला होता." कुणाचा सल्ला, ते तिनं सांगितलं नाही. फोन ठेवला तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "कागदावर आण म्हणाले. बघतो म्हणाले."

दादरला स्टेशनजवळच्या प्रिंटवाल्याकडं मोठ्या कागदावर नकाशा काढून घेतला. तिथं रांग असते, संध्याकाळी सहाच्या आधी जा. त्यानं कागद गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मॅडम, घराचा प्लॅन का?" ती म्हणाली, "हो, बर्फाचं घर आहे."

भोईवाड्याला चालतच परतलो. वाटेत मनाशी मोजत होतो. मी किती वेळा, आत कोण आहे हे न बघता, रागानं दार ओढून घेतलं असेल? टोळीवाल्यांच्या तक्रारी लिहून दिल्या, एकाचा दिवसाचा पगारही कापायला लावला. माझ्या हातून कुणी आत राहिलं नाही. त्यात माझी हुशारी काडीची नव्हती. माझ्या पाठीमागं कुणीतरी ग्लास मोजत होतं, एवढंच. त्या माणसांची नावंही मला आठवत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. साहेबांनी उबेच्या खोल्या मान्य केल्या, ट्रकची जागा गेली तरी. आपोआप लागणाऱ्या दारांचं मात्र अजून ठरलेलं नाही. ती यंत्रं घेणारे लोक वेगळे आहेत, पुढच्या बैठकीत त्यांच्याशी बोलणं आहे, आणि नुसतं मामा म्हणाले, मुकादम म्हणाला एवढ्यावर ते ऐकणार नाहीत, असं तिचं म्हणणं. शनिवारी मी बाळारामला भेटून आलो. त्यानं बैठकीला यायचं कबूल केलंय. "पर ताईनं च्या पाजायचा," म्हणाला.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणी बर्फाच्या कारखान्यात, आइस्क्रीमच्या गोदामात, मासळीच्या थंड खोलीत काम केलं असेल, किंवा घरातल्या कुणी केलं असेल, तर त्यांना विचारा: सगळे बाहेर आले हे तुम्ही कसं ओळखत होता? ग्लास, टोप्या, कोट, काहीही असेल ते लिहा, प्रज्ञा ते बैठकीत पुढं ठेवेल. शुद्धलेखन बघत बसू नका, माझंही तसलंच आहे. पण लवकर लिहा. दारं अजून बसवलेली नाहीत.