दहातले दोन दिवस

बसडेपोत तिला सगळे ब्रेकताई म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच: गाडी रस्त्यावर निघण्याआधी ब्रेक तपासायचे. एखादा ड्रायव्हर घाईत असला की म्हणे, "ताई, बहुतेक वेळा लागतात हो नीट." मग ती गाडी त्या दिवशी फाटकाबाहेर जात नसे. "तुझं बहुतेक वेळा घरी बायकोला ऐकव," असं ती वर सुनवायची.

अशा बाईने आपल्या घरच्या अर्जावर नेमकी तीच चूक करावी, याला काय म्हणावं?

आईच्या सोबतीला दिवसा सरकारी मदतनीस मिळावी म्हणून तो अर्ज होता, इंग्रजीत. आई निवृत्त शिक्षिका, उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला. आता तिला कधी सगळं आठवे, कधी काहीच नाही. अर्जात विचारलं होतं, गॅस आठवणीने बंद करतात का? पुढे चार चौकोन: ऑलवेज, युज्वली, समटाइम्स, नेव्हर. आई शेजारी बसून डोकावत होती. तिच्या तोंडावर खरं कसं लिहायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. ब्रेकताईने 'युज्वली'वर, म्हणजे 'बहुतेक वेळा'वर, खूण केली.

कचेरीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "नामंजूर. युज्वली म्हणजे जमतंय की त्यांना."

"अहो, मागच्या आठवड्यात दोनदा गॅस चालू राहिला! शेजारीण धावली म्हणून वाचलो."

"मग तसं लिहायचं ना! खूण तुमचीच आहे. उद्या शेवटची तारीख, नवा अर्ज भरून आणा. आणि सही त्यांचीच हवी, तुमची चालणार नाही."

बाईंचं म्हणणं खरं होतं, म्हणून संताप जास्त. कचेरीचा राग, त्या मेल्या चौकोनांचा राग, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. रजा कधीच संपली होती. मदतनीस मिळाली नाही, तर नोकरी सोडून घरी बसणं आलं. बावीस वर्षं पाण्यात.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, आईला दिसू नये अशा बेताने नवा अर्ज भरू लागली. पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटायचाच बाकी. तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. आज तिचा चांगला दिवस होता. तिने अर्ज ओढून घेतला, चष्मा सावरला आणि प्रश्न वाचला.

"इथे काय लिहिणार आहेस?"

ब्रेकताईने पेन ओट्यावर ठेवलं.

"युज्वली म्हणजे दहातले आठ दिवस. 'मी युज्वली शाळेत चालत जाते', हे वाक्य ठीक. दोन दिवस बसने गेले तर कुणाचं काय बिघडतं? पण गॅसला ते चालत नाही. घर पेटतं ते उरलेल्या दोन दिवसांत. आणि खरं सांगू? माझे आता आठसुद्धा भरत नाहीत."

तिने स्वतःच्या हाताने 'समटाइम्स'वर खूण केली, ठसठशीत.

एवढं कळणाऱ्या बाईसाठी मदत मागायची, याचाही ब्रेकताईला रागच आला. तिने अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. "आई, खाली सही कर."

आईने अर्जाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मग अर्जाची नीट घडी घालून तो तिच्या हातात दिला.

"छान लिहिलंस. आता घरी जा, आणि उद्या आईची सही घेऊन ये. विसरू नकोस हं."

"हो, बाई," ब्रेकताई म्हणाली.